शिकागोचं मॅककॉर्मिक प्लेस: कुठला हॉल, कुठली वीज, आणि एवढे नियम का?

भोसरीचा_लेथ

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या आयएमटीएसला (मशीन टूलचं मोठं प्रदर्शन) शिकागोत स्टॉल घ्यायचं जवळपास ठरलंय. १० बाय २० फुटांची जागा. सोबत एक छोटं डेमो मशीन (६५० किलो, ४१५ व्होल्ट थ्री फेज, सगळं मिळून साडेसात किलोवॉट), आठ खोकी फिक्स्चर-नमुन्यांची (मशीनवर जॉब पकडायची साधनं), आणि कापडी बॅकड्रॉप. बंगळूरच्या इमटेक्स प्रदर्शनाची सवय आहे, पण शिकागोच्या प्रदर्शन केंद्राचं, मॅककॉर्मिक प्लेसचं, मॅन्युअल उघडलं आणि गरगरायला लागलं. चार इमारती, सहा हॉल, प्रत्येकाचे माल उतरवायचे डॉक निराळे, कापडाला सर्टिफिकेट हवं, स्टॉलमागे रिकामं खोकं ठेवायचं नाही, वीज अँपिअरमध्ये मागवायची, सामान उतरवायचे पैसे वजनावर.

मला दोन गोष्टी हव्यात. एक, ही जागा अशी तुकड्यातुकड्यांत का वाढली आणि त्याचा स्टॉलवाल्याला काय फरक पडतो. दोन, वीज आणि सामान यांत नवख्याचे पैसे नेमके कुठे जातात. 'एखादा चांगला एजंट धरा' हे उत्तर माहीत आहे, ते सोडून सांगा.

---

तळ्याकाठी

पहिल्या प्रश्नाचं मी घेतो. तिथल्या बऱ्याच नियमांना तारीख आहे, ती कळली की मॅन्युअल कमी छळतं.

मूळ इमारत नोव्हेंबर १९६० मध्ये उघडली. नाव शिकागो ट्रिब्यूनचे मालक-संपादक रॉबर्ट मॅककॉर्मिक यांचं. जागा थेट लेक मिशिगनच्या काठावर, आणि तिथूनच भांडण सुरू झालं, कारण तळ्याचा काठ कायम मोकळा ठेवायचा हा त्या शहराचा जुना आग्रह. इमारत झाली खरी, पण सहा वर्षं आणि दोन महिनेच टिकली.

१६ जानेवारी १९६७. आत घरगुती वस्तूंचं राष्ट्रीय प्रदर्शन मांडलेलं. पहाटे दोनच्या सुमारास एका स्टॉलच्या मागच्या बाजूला धूर दिसला. संशय स्टॉलच्या वायरिंगवर. सफाई कामगारांनी आधी स्वतःच विझवून पाहिलं आणि त्यात मोलाची मिनिटं गेली. स्टॉल म्हणजे प्लायवूड, कापड, कागद, प्लास्टिक, आणि मागच्या फटीत खोकी. मुख्य प्रदर्शन हॉलला स्प्रिंकलर नव्हते. छपराच्या पोलादी कैच्या (ट्रस) उघड्या, त्यांवर आगरोधक लेप नाही. एवढ्या उंच छताला आगीची धग लागणार नाही, असा तेव्हाचा समज. पोलाद वितळावं लागतच नाही. साडेपाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची ताकद निम्म्यावर येते, आणि कैची वाकली की शेजारच्या कैचीला ओढून घेते. त्यात बाहेरच्या हायड्रंटपैकी अनेकांचे व्हॉल्व्ह बंद निघाले. समोर एवढं मोठं तळं आणि नळाला पाणी नाही. छप्पर खाली आलं, एक सुरक्षारक्षक गेला. इमारतीतलं आरी क्राउन थिएटर मात्र बऱ्यापैकी वाचलं.

आता तुमच्या मॅन्युअलमधल्या जाचक ओळी पुन्हा वाचा. कापडाला ज्वालारोधक असल्याचं प्रमाणपत्र (तिकडे अमेरिकी अग्निसुरक्षा संस्थेची एनएफपीए ७०१ ही चाचणी धरतात). स्टॉलमागे खोकी नकोत, माहितीपत्रकंही एका दिवसाला पुरतील एवढीच जवळ. हायड्रंट, होज कॅबिनेट, बाहेर जायची दारं झाकायची नाहीत. स्टॉलला वरून छत असेल तर आगाऊ नकाशा द्या, कारण छत म्हणजे स्प्रिंकलरच्या पाण्याला आडोसा. यातलं बरंचसं आज जगातल्या कुठल्याही सेंटरमध्ये मागतात, पण १९६७ च्या त्या आगीनंतर प्रदर्शन हॉलचे आगीचे नियम सगळीकडेच कडक झाले, आणि इथे तपासनीस खरोखर फिरतो.

तुमच्यासाठी यातून एक काम निघतं. बॅकड्रॉपचं कापड घेताना प्रमाणपत्र कापडाच्या त्याच लॉटचं मागा, आणि मूळ प्रत स्टॉलवर ठेवा, बॅगेत हॉटेलवर नको. पुण्या-मुंबईत फ्लेक्सवाला 'फायरप्रूफ आहे साहेब' म्हणतो, त्याला तिथे काडीचीही किंमत नाही. शंका आली तर तपासनीस कापडाची किनार पेटवून पाहू शकतो, आणि नापास झालं तर बॅकड्रॉप उतरवायला लावतात.

इमारतींचं थोडक्यात:

त्याच जागी १९७१ मध्ये दुसरी इमारत उभी राहिली, तीच आजची लेकसाइड सेंटर. रचना जीन समर्स यांची. ते आधी प्रसिद्ध वास्तुरचनाकार मीस व्हान डेर रोह यांच्या कचेरीत होते आणि ते दिसतं: काळं पोलाद, काच, आणि सुमारे १९ एकरांचं सपाट छप्पर, जे खांबांच्याही पुढे ७५ फूट झेपावतं. खांब दीड-दीडशे फुटांवर. प्रदर्शनाच्या दृष्टीने हे सोनं आहे. जुन्या हॉलमध्ये खांब अडचण करतात. इथे स्टॉलच्या ओळी आखताना खांबाशी तडजोड जवळजवळ नाही. हॉल डी आणि ई या इमारतीत.

१९८६ मध्ये रस्त्यापलीकडे नॉर्थ बिल्डिंग (हॉल बी आणि सी). खाली रेल्वेचे रूळ, त्यामुळे हवे तिथे खांब उतरवता येईनात. म्हणून काँक्रीटचे १२ उंच मनोरे उभारून छप्पर केबलींनी वरून टांगलं, पुलासारखं. त्याच मनोऱ्यांच्या पोटातून एसीच्या हवेची ये-जा होते. बाहेरून पाहताना ते मनोरे शोभेचे वाटतात. आहेत मात्र कामाचे. १९९६ मध्ये साउथ बिल्डिंग (हॉल ए), २००७ मध्ये वेस्ट (हॉल एफ). सगळं मिळून प्रदर्शनाची जागा २६ लाख चौरस फूट, उत्तर अमेरिकेत सगळ्यात मोठी.

लेकसाइड आणि बाकी तिघी यांच्यामधून लेक शोअर ड्राइव्ह हा रुंद रस्ता जातो, वर जोडपूल. त्यामुळे 'एकाच सेंटरमध्ये आहे' या भरवशावर राहू नका. लेकसाइडच्या टोकापासून वेस्टच्या टोकापर्यंत चालत पंधरा-वीस मिनिटं मोडतात, गर्दीत जास्त. आयएमटीएस चारही इमारती घेतं आणि उद्योगाच्या प्रकाराप्रमाणे हॉल वाटतं. वर्कहोल्डिंगवाल्यांचा (म्हणजे तुमच्यासारख्या फिक्स्चरवाल्यांचा) विभाग कुठला ते आयोजकांच्या नकाशात पाहा आणि त्यातच जागा मागा. मोठ्या मेटल कटिंगवाल्यांच्या शेजारी गर्दी असेल म्हणून दुसऱ्या विभागात शिरलात तर तुमचं गिऱ्हाईक तुम्हाला शोधत दुसऱ्याच इमारतीत फिरेल.

---

ओहमचा_नियम

वीज. इथे नवखे पैसे घालवतात, आणि कधीकधी मशीनही.

तिथे तुम्हाला मिळणार १२० व्होल्ट सिंगल फेज, २०८ व्होल्ट थ्री फेज किंवा ४८० व्होल्ट थ्री फेज. सगळं ६० हर्ट्झ. तुमचं मशीन ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ.

पहिला मोह: '४८० म्हणजे ४१५ च्या जवळच, जोडून टाकू.' मुख्य इंडक्शन मोटरपुरतं हे फारसं चुकीचं नाही. मोटरला व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सीचं गुणोत्तर महत्त्वाचं. ४१५ भागिले ५० म्हणजे ८.३; ४८० भागिले ६० म्हणजे ८.०. जवळजवळ तेच, तेव्हा मोटरच्या लोखंडाला त्रास नाही. पण वेग २० टक्के वाढतो. १४४० फेऱ्यांची मोटर १७३० च्या आसपास फिरेल. बेल्ट, चक, गिअरबॉक्स यांची कमाल फेऱ्यांची मर्यादा आधी बघा.

सेंट्रिफ्यूगल कूलंट पंप आणि पंखे यांचं वेगळं आहे. त्यांचा भार वेगाच्या घनाने वाढतो. १.२ चा घन १.७३, म्हणजे त्याच पंपाला ७३ टक्के जास्त ताकद लागते. वेग वाढल्यामुळे मोटर स्वतः २० टक्केच जास्त देऊ शकते. परिणाम: तासा-दीड तासाने ओव्हरलोड रिले ट्रिप, लोक तो रिसेट करत राहतात, आणि दुसऱ्या दिवशी वाइंडिंग जळाल्याचा वास. उपाय म्हणजे पंपाच्या डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह दाबून प्रवाह कमी करणे, किंवा इंपेलर (पंपाचं आतलं चक्र) घासून लहान करणे, किंवा सरळ ६० हर्ट्झचा पंप बसवून नेणे. पहिलं सगळ्यात स्वस्त पडतं.

खरा घात पॅनलमध्ये होतो. आपल्याकडे पॅनलवाले सर्रास एक फेज आणि न्यूट्रल घेऊन २४ व्होल्टचा एसएमपीएस (डीसी वीज देणारा पॉवर सप्लाय), पॅनलचा पंखा, दिवा चालवतात, कारण ४१५ च्या सप्लायला फेज-न्यूट्रल २४० मिळतात. ४८० च्या सप्लायला फेज-न्यूट्रल २७७ येतात. एसएमपीएसवर छापलेलं असतं ८५ ते २६४ व्होल्ट. स्विच टाकला की ठप्प. शिवाय ४८० च्या जोडणीत न्यूट्रल मिळेलच असं धरू नका. कित्येकदा तीन फेज आणि अर्थ एवढंच येतं.

कंट्रोल ट्रान्सफॉर्मरचं तसंच. ४१५ ते ११० चा ट्रान्सफॉर्मर ४८० वर जोडला तर बाहेर १२७ येतात. काँटॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) कॉइलला साधारण १० टक्के जास्त चालतं, म्हणजे १२१ पर्यंत. १२७ वर कॉइल गुणगुणत तापते आणि सहा दिवसांच्या प्रदर्शनात तिसऱ्या-चौथ्या दिवशी बसते. ज्यादा टॅपिंग असलेला (३८०/४१५/४८०) ट्रान्सफॉर्मर इथूनच बसवा.

दुसरा मार्ग: ४८० ते ४१५ चा थ्री फेज ट्रान्सफॉर्मर मशीनच्या आधी लावायचा, दुय्यम बाजूला स्टार आणि न्यूट्रल काढलेला. तुमच्या साडेसात किलोवॉटला १५ केव्हीएचा घ्या, सुरू होतानाचा झटका धरून. याने २७७ चा आणि १२७ चा, दोन्ही प्रश्न सुटतात. पण एक लक्षात ठेवा, ट्रान्सफॉर्मर फ्रीक्वेन्सी बदलत नाही. आणि ४१५ वर ६० हर्ट्झ दिलं की गुणोत्तर ६.९ वर उतरतं, मोटरचा टॉर्क कमी होतो. डेमोला हलके कट घ्या. सर्व्हो आणि व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) असेल तर ते बहुतेक ३८० ते ४८० आणि ५०/६० दोन्ही खातात; नेमप्लेट वाचून घ्या.

मागणी अँपिअरमध्ये: साडेसात किलोवॉट, ०.७५ पॉवर फॅक्टर धरला तर १० केव्हीए. ४८० वर सुमारे १२ अँपिअर, २०८ वर सुमारे २८. म्हणजे ४८० व्होल्ट २० अँपिअरची लाइन. २०८ ची ३० अँपिअरची घेतलीत तर काठावर चालाल, वर स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर हवाच.

मागणीसोबत स्टॉलचा आराखडा द्यावा लागतो: वीज नेमकी कुठल्या कोपऱ्यात हवी, कुठल्या बाजूला गल्ली, शेजारी स्टॉल नंबर काय. हे दिलं नाही तर लाइन त्यांच्या सोयीने मागच्या बाजूला टाकतात, आणि मग गालिच्याखालून पुढे न्यायचे मजुरीचे पैसे वेगळे. आगाऊ मागणीची मुदत चुकली की दर बराच चढतो. प्रदर्शन बंद झालं की रात्री वीज तोडतात. फ्रिज, चिलर, कंट्रोलची बॅटरी चार्ज ठेवायची असेल तर २४ तासांची लाइन वेगळी सांगावी लागते.

हवा (कॉम्प्रेस्ड एअर) लागणार असेल तर जोडणी एनपीटी या अमेरिकी आट्यांची मिळेल. आपल्याकडच्या बीएसपी या ब्रिटिश आट्यांशी गल्लत करू नका. अर्धा इंच आणि पाऊण इंच या दोन मापांत दोन्हींना इंचाला १४ आटे असतात, त्यामुळे नट दोन-तीन आटे बसतो आणि वाटतं जमलं. कोन मात्र ६० आणि ५५ अंशांचा, गळणार म्हणजे गळणारच. पाव इंचाला तर एनपीटी १८ आणि बीएसपी १९ आटे. अॅडॉप्टर भोसरीतून सोबत न्या, तिथे हॉलमध्ये हार्डवेअरचं दुकान नाही.

---

गोदीवाला

सामानाचं बघू. यात तिकडचा एक शब्द सगळं ठरवतो: ड्रेयेज. ट्रकमधून उतरवून स्टॉलवर ठेवणं, रिकामी खोकी नेऊन ठेवणं, शेवटी परत आणून ट्रकवर चढवणं, हे सगळं मिळून एकच आकार. समुद्राच्या भाड्याशी त्याचा संबंध नाही, आणि कधीकधी त्या भाड्याएवढा येतो.

आकारणी शंभर पौंडावर. शंभर पौंड म्हणजे ४५.३६ किलो. वजन पुढच्या शंभरावर नेतात. तुमचं मशीन ६५० किलो, क्रेट १२० धरा: ७७० किलो म्हणजे १,६९८ पौंड, म्हणजे १७ एकक. इथपर्यंत ठीक. आता तुमची आठ खोकी. बहुतेक ठिकाणी प्रत्येक खेपेला किमान २०० पौंड लावतात. दहा-दहा किलोची आठ खोकी कुरियरने वेगवेगळी पोचली तर आठ खेपा, आठ गुणिले २०० म्हणजे १,६०० पौंडांचे पैसे. तीच एका पॅलेटवर बांधून पाठवली तर ८० किलो, १७६ पौंड, आकार २०० चा. एवढ्या एका चुकीत आठपट. मशीनच्याच क्रेटमध्ये कप्पा करून बसवली तर वजनात आणखी दोन एककांची भर, बस.

पोचवायच्या दोन वाटा. एक, प्रदर्शनाआधी प्रदर्शनाच्या माल हाताळणाऱ्या ठेकेदाराच्या गोदामात, जिथे साधारण महिनाभर ठेवायचे वेगळे पैसे नाहीत. दोन, थेट हॉलवर, नेमून दिलेल्या दिवशी आणि वेळी. थेट पाठवलेला ट्रक आधी मार्शलिंग यार्डात (ट्रक थांबवायच्या आवारात) वजनाच्या पावतीसह नोंद करतो आणि तिथे रांग असते; ट्रकवाला थांबण्याचे पैसे तुमच्याकडूनच घेतो. भारतातून येणाऱ्या समुद्री मालाला गोदाम बरं. न्हावाशेवा ते अमेरिकेचा पूर्व किनारा, तिथून रेल्वेने शिकागो, कस्टम्स, सगळं धरून दीड-दोन महिने हातात ठेवा. माल जूनच्या शेवटी बंदरात असलेला उत्तम. जहाजावर चढायच्या २४ तास आधी आयातदाराची आयएसएफ नोंद (येणाऱ्या मालाची आगाऊ माहिती) अमेरिकेत व्हायला लागते, ती राहिली तर दंड.

लाकूड! क्रेटच्या प्रत्येक फळीचं लाकूड आयएसपीएम १५ (लाकडी पॅकिंगचा आंतरराष्ट्रीय नियम) प्रमाणे भाजलेलं हवं, म्हणजे गाभ्यात ५६ अंशांवर ३० मिनिटं, आणि त्यावर गव्हाच्या कणसाचा शिक्का. घाईत आतून ठोकलेला एक बिनशिक्क्याचा ठोकळासुद्धा पकडतात आणि माल परत पाठवायला लावतात. प्लायवूडला हा नियम नाही, पण त्याखाली ठोकलेल्या लाकडी पायांना आहे. चूक इथेच होते.

मशीन परत आणायचं असेल तर एटीए कार्नेट (माल शुल्क न भरता तात्पुरता नेऊन परत आणायचा कागद; आपल्याकडे फिक्की देते, मुदत एक वर्ष). पण तिथेच विकायचं मनात असेल तर कार्नेट नको, विकणार त्या वस्तूवर रीतसर आयात शुल्क भरा. दोन्ही डगरींवर पाय ठेवलात तर शेवटच्या दिवशी गिऱ्हाईक समोर आणि वस्तू देता येत नाही.

क्रेटवर इमारत, हॉल आणि स्टॉल नंबर तिन्ही लिहा, दोन विरुद्ध बाजूंना. नुसतं 'मॅककॉर्मिक प्लेस' लिहिलेली क्रेट लेकसाइडच्या डॉकवर उतरली आणि स्टॉल साउथला असला तर रस्त्याच्या पल्याड नेण्याची मजुरी आणि अर्धा दिवस दोन्ही गेले.

आणि हो, तिथे स्टॉलमध्ये खिळा ठोकायलाही युनियनचा माणूस बोलवावा लागतो, त्याचे चार तासांचे पैसे धरा.

---

तळ्याकाठी

@गोदीवाला, शेवटची ओळ सोडून सगळं पटलं. ती जुनी गोष्ट आहे आणि अजून फिरते. २००९ च्या शेवटी प्लास्टिक उद्योगाचं मोठं प्रदर्शन मजुरीच्या खर्चाला कंटाळून ऑर्लँडोला गेलं, वैद्यकीय आयटीवाल्यांनी लास वेगास गाठलं, तेव्हा शहराचे डोळे उघडले. २०१० मध्ये इलिनॉयच्या विधिमंडळाने कायदा करून कामाचे नियम सैल केले. युनियन कोर्टात गेल्या, मार्च २०११ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने त्यातला मुख्य भाग उडवला, आणि ऑक्टोबर २०११ मध्ये सुतार आणि टीमस्टर (ट्रक-मालवाहतूकवाले) यांच्या युनियनशी वाटाघाटी होऊन बहुतेक सवलती करारातून परत आल्या. आता स्टॉलवाला आणि त्याचे पगारी नोकर आपला स्टॉल आपल्या हत्यारांनी उभा करू शकतात. फोर्कलिफ्ट, डोक्यावरचं टांगणं आणि वीज-पाण्याच्या मुख्य जोडण्या मात्र त्यांच्याच माणसांकडून. तेव्हा बॅकड्रॉप, टेबल, नमुने तुम्ही लावा. मशीन क्रेटमधून काढून बसवायला रिगर (जड यंत्रं हलवणारा माणूस) सांगा.

कंपनीचं ओळखपत्र जवळ ठेवा. तिथला ओळखीचा भाचा मदतीला आला तर तो तुमचा पगारी नोकर नाही, आणि तेवढ्यावरून अडवू शकतात.

---

गोदीवाला

बरोबर, दुरुस्ती मान्य.

---

भोसरीचा_लेथ

धन्यवाद सगळ्यांना, २७७ व्होल्टचं वाचून पॅनल उघडून पाहिलं: एसएमपीएस फेज-न्यूट्रलवरच आहे! दोन उपप्रश्न. बॅकड्रॉप ८ फुटांपेक्षा उंच चालेल का? आणि परतीच्या वेळी काय काळजी घ्यायची?

---

गोदीवाला

उंची आयोजकाच्या नियमांवर. रांगेतल्या स्टॉलला बहुतेक अमेरिकी प्रदर्शनांत मागच्या अर्ध्या भागात ८ फूट आणि गल्लीकडच्या अर्ध्या भागात ४ फूट, म्हणजे शेजाऱ्याचा स्टॉल झाकला जात नाही. तुमचं मशीन ४ फुटांहून उंच असेल तर ते मागे बसवावं लागेल, आणि मग वीजही मागेच मागवा. मशीनसाठी काही आयोजक वेगळी सूट देतात, लेखी मागून घ्या.

परतीचं: रिकाम्या क्रेटला पहिल्याच दिवशी 'रिकामं' अशा अर्थाचं त्यांचं लेबल लावतात, त्यावर स्टॉल नंबर. जुनी लेबलं खरवडून काढा, नाहीतर क्रेट मागच्या प्रदर्शनाच्या पत्त्यावर शोधत बसतील. आत काही ठेवू नका, हत्यारांची पेटीसुद्धा नाही. सहा दिवस ती हाताला लागत नाही. प्रदर्शन संपल्यावर क्रेट परत यायला कित्येक तास लागतात. त्याच रात्रीचं विमान काढू नका.

माल बांधला की पाठवणीचा कागद (मटेरियल हँडलिंग अॅग्रीमेंट) भरून काउंटरवर हातात द्यायचा. क्रेटवर चिकटवून निघून गेलात किंवा तुमचा ट्रकवाला वेळेत पोचला नाही, तर ठेकेदार माल आपल्या पसंतीच्या वाहतूकदाराकडे टाकतो आणि बिल तुमच्या नावावर येतं. कार्नेट असेल तर बाहेर पडतानाचा कस्टम्सचा शिक्का विसरायचा नाही, नाहीतर माल घरी आल्यावरही अमेरिकेतलं शुल्क मागतात.

---

डेव्हनचा_वाटसरू

जाण्या-येण्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून. मेट्रा इलेक्ट्रिक या लोकल गाडीचं मॅककॉर्मिक प्लेस स्टेशन सेंटरच्या पोटातच आहे, मिलेनियम स्टेशनहून दहा मिनिटांच्या आत. पण गाड्यांचं अंतर बघून निघा. वेस्ट बिल्डिंगला जायचं तर मेट्रोच्या ग्रीन लाइनचं सर्माक-मॅककॉर्मिक प्लेस स्टेशन जवळ, ते २०१५ मध्ये झालं. आपलं जेवण डेव्हन अॅव्हेन्यूला, पण ते शहराच्या पार उत्तर टोकाला. रोज संध्याकाळी ते जमणार नाही, ठेपले न्या.

प्रश्नात 'जागा अशी का वाढली' आहे म्हणून एक भर. ही वास्तू नुसती प्रदर्शनांसाठी चालत नाही. फेब्रुवारीत मोटारींचं प्रदर्शन, मे महिन्यात हॉटेलवाल्यांचं, नोव्हेंबरअखेर रेडिओलॉजीवाल्यांचं, सम वर्षी सप्टेंबरात तुमचं मशीन टूल. मधल्या फटींत सभा. २०१२ च्या मे महिन्यात नाटोची शिखर परिषद इथेच, त्याच नोव्हेंबरात ओबामांचं विजयाचं भाषण, जानेवारी २०१७ मध्ये निरोपाचंही. एप्रिल २०२० मध्ये हॉलमध्ये ३,००० खाटांची सोय होईल असं तात्पुरतं कोविड रुग्णालय उभारलं. रुग्ण मात्र फारच थोडे आले. ते इतक्या झटपट उभं राहिलं कारण प्रदर्शन हॉलच्या जमिनीखाली वीज-पाण्याच्या जोडण्या ठरावीक अंतरावर आधीच असतात आणि स्टॉलच्या भिंती लावणारी माणसं पगारावर असतात. खाटांच्या खोल्या म्हणजे त्यांच्या लेखी रांगेतले स्टॉलच. आपल्याकडे गोरेगावच्या नेस्कोमध्ये त्याच वर्षी कोविड केंद्र झालं तेही याच कारणाने.

मराठी मंडळींचा शिकागोशी संबंध जुना. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं पहिलं अधिवेशन १९८४ मध्ये याच शहरात झालं, २०११ चंही शिकागोतच.

आणि एक. तुमचा स्टॉल लेकसाइडला आला तर संध्याकाळी दिवे आणि पडद्यांबद्दल सूचना येईल, ती पाळा. तळ्याकाठची ती काचेची भिंत पक्ष्यांच्या स्थलांतराच्या वाटेवर आहे. ५ ऑक्टोबर २०२३ च्या एका रात्री-पहाटे तिथे हजाराच्या घरात पक्षी काचेवर आपटून मेले. २०२४ च्या उन्हाळ्यात सगळ्या काचांवर ठिपक्यांची फिल्म लावली, ठिपके दोन-दोन इंचांवर, आणि आपटणं एकदम खाली आलं. जवळ गेलात तर ठिपके दिसतील, काच खराब झाली असं समजू नका.

---

ओहमचा_नियम

@भोसरीचा_लेथ, पॅनल उघडलाच आहे तर दोन कामं आत्ताच करा. एसएमपीएस बदलून ३८० ते ४८० व्होल्टचा फेज-टू-फेज घ्या, २४ व्होल्ट १० अँपिअरचे सहज मिळतात. मग न्यूट्रलचा प्रश्नच उरत नाही. आणि पॅनलच्या पंख्याची नेमप्लेट वाचा. तो २३० व्होल्टचा असेल तर २४ व्होल्ट डीसीचा लावा. हे दोन्ही झाले आणि कंट्रोल ट्रान्सफॉर्मरला ४८० चा टॅप मिळाला, तर १५ केव्हीएचा सव्वाशे-दीडशे किलोचा ट्रान्सफॉर्मर न्यायची गरज नाही. गोदीवाल्यांच्या हिशोबाने तेवढीच तीन एककं वाचली.

फेजचा क्रम मात्र तिथे जोडल्यावर तपासा, आधी पंप अर्धा सेकंद फिरवून. स्पिंडल आधी फिरवू नका.